एका पायाची टिटवी

तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की एक वास उठतो. तो कोळशाचाही नसतो आणि लोखंडाचाही, पाऊस न पडताच ओली झालेली माती जळावी तसा काहीसा तो असतो. पुण्याच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवण्याची माझी ती वर्षे त्या वासात गेली, कारण शिरूरच्या बाजारपेठेत माझ्या खोलीच्या समोरच युसूफभाईंचे कोयत्यांचे दुकान होते आणि दुकानामागे त्यांची भट्टी. कोयता तयार झाला की मूठ बसवण्याआधी पात्याच्या बुडाशी ठसा ठोकला जाई. ठशावर टिटवी होती. युसूफभाईंचे वडील अब्दुलचाचा यांनी ते चिन्ह फार पूर्वी मुंबईच्या व्यापारचिन्हांच्या कचेरीत रीतसर नोंदवून घेतले होते. टिटवीचे ओरडणे अशुभ, हा पक्षी कशाला, असे कोणी विचारले की ते म्हणत, "वंगाळ न्हाई बोलत ती. जागी ऱ्हाती, एवढंच."

ऊसतोडीला येणाऱ्या माणसांतल्या अनेकांना अक्षर वाचता येत नसे. ते कोयता हातात घेऊन बुडावरून अंगठा फिरवत. कधीतरी ठशाची कड उडाली होती आणि तेव्हापासून टिटवीचा एक पाय उमटत नव्हता. नवा ठसा करावा असे कोणाला वाटले नाही. अंगठ्याला तीच टिटवी ओळखीची झाली होती.

अब्दुलचाचा गेल्यानंतरच्या दुसऱ्या फेब्रुवारीत कासुर्डीचे आप्पा दुकानात आले. ते जुने गिऱ्हाईक, ऊसवाले. त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला कोयता फळीवर ठेवला. पाते बुडापासून तुटलेले होते. तुटताना ते उडून तोड करणाऱ्या एका बाईच्या नडगीत घुसले होते.

"तुझ्या बापाचा कोयता तुटल्याला म्या कवा पाह्यला न्हाई, युसूफ," आप्पा म्हणाले. "बाई खाटंवर हाय. टोळीवाले म्हणत्यात, टिटवी नगं."

युसूफभाईंनी तुकडा दाराशी उजेडात नेला. बुडावरून अंगठा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "आप्पा, ही माझी न्हाई. हिला दोन पाय हायती."

आप्पा हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "म्हंजी लंगडी खरी आन् धडधाकट खोटी. हे टोळीला तूच येऊन सांग."

ते गेल्यावर तो तुकडा फळीवर तसाच पडून राहिला. दुसरा पाय आला कुठून, हा प्रश्न युसूफभाईंच्या आणि माझ्या मनात एकदमच उभा राहिला असावा. बाजारातला कोयता पाहून नक्कल केली असती तर टिटवी लंगडीच उमटली असती. दोन पायांची टिटवी फक्त एका ठिकाणी होती, नोंदणीच्या कागदावर.

तो कागद शोधताना गल्ल्याखालचा खण उघडावा लागला. तो खण युसूफभाईंच्या आईचा, म्हणजे चाचींचा. नवरा गेल्यावरही त्याच्या नावाने टपाल येत राहिले, आणि पोस्टमनकडून ते घेऊन चाची न फोडता या खणात ठेवत. अब्दुलचाचांच्या हयातीत त्यांचे पाकीट दुसऱ्या कोणी उघडायचे नाही असा घरातला रिवाज होता, आणि माणूस गेला म्हणून तो मोडावा असे चाचींना वाटले नाही. "त्यांच्या नावाचं हाय, त्यांचंच ऱ्हाणार," एवढेच त्या म्हणाल्या आणि किल्ली देऊन आत गेल्या. ईदची शुभेच्छापत्रे, विम्याच्या सूचना, आणि तळाशी सरकारी शिक्क्याचे तपकिरी पाकीट. इंग्रजी पत्रे त्या घरात मीच वाचून दाखवत असे, म्हणून ते माझ्या हातात आले. चिन्हाच्या नोंदणीची या खेपेची सात वर्षे संपत आहेत, नूतनीकरणाचा अर्ज आला नाही तर चिन्ह नोंदवहीतून काढले जाईल, असा मजकूर होता. मुदत मागच्याच मार्चअखेर संपली होती.

ते पाकीट आले तो दिवस मला आठवत होता. पोस्टमनने ते चाचींच्या हाती दिले तेव्हा मी समोरच चहा पीत होतो. शिक्का मी पाहिला होता. विचारणे हाच माझा धंदा, आणि मी विचारले नव्हते.

पुण्याच्या वकिलांनी सांगितले ते थोडक्यात असे: चिन्ह नोंदवहीतून काढल्याचे कचेरीच्या नियतकालिकात छापून आले आहे, ते कोणीही वाचू शकतो, आणि नोंदवहीतले चित्रही पाहू शकतो. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत ते पुन्हा बहाल करून घेता येते. त्यानंतर मागेल त्याला मोकळे. वर्ष भरायला काही आठवडे उरले होते, आणि सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या. वकिलांच्या कचेरीतून बाहेर पडताना मला राहून राहून एकच वाटत होते, की कुठल्या तरी खोलीत कोणीतरी ती बारीक अक्षरांची पाने रोज शांतपणे वाचत बसलेले आहे, आणि त्याने ही टिटवी आमच्याआधी पाहिली आहे.

युसूफभाईंच्या बहिणीची सही घ्यायला आम्ही न्हावऱ्यावरून दौंडला गेलो. तोड संपलेल्या रानांत पाचट पेटवलेले होते. धूर रस्त्यावर आडवा पसरला होता, त्यात एसटी शिरली की काही क्षण पुढचे काहीच दिसत नसे, आणि खिडकीतून करपलेल्या गोडसर उसाचा वास येई. एका फाट्यावर गाडी थांबली तेव्हा लोखंडी सामानाच्या दुकानात कोयत्यांची माळ टांगलेली दिसली. युसूफभाई खाली उतरले, मागोमाग मी. नवे, झळझळीत, आणि प्रत्येकावर दोन पायांची टिटवी. दुकानदार म्हणाला, "शिरूरचाच माल हाय, मामा. बापजाद्यांपासनं नाव हाय." माल पोत्यातून येतो आणि पोत्यावर पत्ता नसतो, एवढीच माहिती त्याच्याकडे होती. युसूफभाई गाडीत येऊन बसले.

दौंडला बहीण जुबेदाने सगळे ऐकून घेतले आणि सही करता करता म्हणाली, "अब्बा गेल्यावर हिश्श्याचं कुणी इचारलं न्हाई. आज पाखरासाठी दादाला बहीण आठवली व्हय." तिने शाई वाळेपर्यंत कागदाला हाताने वारा घातला आणि मग भावापुढे जेवणाचे ताट ठेवले.

अर्ज वेळेत पोहोचला. दिवाळीच्या तोंडावर, युसूफभाईंच्या नावाच्या पाकिटातून, चिन्ह बहाल झाल्याचा कागद आला. त्यावर टिटवी होती, दोन्ही पायांवर उभी. नोंदणीत आहे तसेच चिन्ह वापरत चला, म्हणजे पुढे भांडता येईल, असे वकिलांचे म्हणणे पडले. युसूफभाईंनी नवा ठसा करून घेतला. जुना चाचींनी मागून घेतला आणि खणात ठेवला.

पुढच्या हंगामाआधी आप्पा आले. पोत्यांतून येणारा माल अजून थांबला नव्हता. त्यांनी ढिगातला एक कोयता उचलला आणि सवयीने अंगठा बुडावर नेला. अंगठा फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

"ही तुझीच ना, युसूफ?"

"माझीच, आप्पा. कागद हाय."

"कागद मी कुठं शेतात नेऊ," आप्पा हळूच म्हणाले. त्यांनी कोयता खाली ठेवला नाही, आणि घेतलाही नाही. आत भट्टीवर कुणीतरी पाते पाण्यात बुडवले, तो वास दुकानभर पसरला, आणि घोडनदीच्या पात्राकडून भर दुपारी टिटवी ओरडत गेली. युसूफभाई आप्पांच्या अंगठ्याकडे पाहत उभे होते. तो अजूनही त्या दुसऱ्या पायावरच होता.