द्वारकाबाईच्या स्लॅबवरचं जपानी

तेलुगू मुलखातल्या भीमपूरकडच्या त्या मराठी खेड्यात फोनला धड रेंज मिळायची ती एकाच ठिकाणी, द्वारकाबाईच्या स्लॅबवर. म्हणून शेजारच्या दीक्षाचं जपानी तिथंच पिकलं. दीक्षा नर्सिंग शिकलेली. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळवायचं तिनं मनात घेतलं होतं आणि मुलाखत जपानीत व्हायची होती. पहिल्या वेळी ती आपटली होती. आता दुसरी वेळ, आणि आश्रमाच्या नियमानं शेवटची.

दिवस ऐन कापूस वेचणीचे. दवानं ओला झालेला कापूस वाळवायला द्वारकाबाईला स्लॅबच लागायचा. तरी म्हातारीनं ताडपत्री अर्ध्यावर ओढली आणि उरलेल्या जागेत पोरीसाठी खुर्ची मांडली. थर जाड झाला म्हणून कापूस पुन्हा पुन्हा उलटावा लागायचा, तेही तिनं दुखऱ्या गुडघ्यांवर निभावलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "कापूस वाळते कसाबी. पोरीचं वय थांबते का?"

दीक्षाची गाडी अडली होती 'तर'पाशी. आपल्याकडे एक 'तर' टाकला की भागतं. जपानीत क्रियापदाचं शेपूट बदलायचं, आणि तेही नाना तऱ्हांनी. 'ताबेरु' म्हणजे खाणं. खाल्लं तर, म्हणजे 'ताबेतारा'. पण 'ताबेरेबा'ही चालतं, एखादी गोष्ट नेहमीच तशी घडत असेल तर 'ताबेरु तो', आणि समोरचा खातो म्हणाला ते धरून बोलायचं तर 'ताबेरु नारा'. पोरगी रडकुंडीला आली. तिला जपानी शिकवणारे आदिलाबादचे सुरेंद्र सर फोनवरून तेलुगूत समजावायचे, आणि एक दिवस तिचं तिलाच सुचलं: तेलुगू शाळेत आपण 'वस्ते' म्हणायचो, आलं तर, तिथंही 'तर' शेपटालाच चिकटलेला! मग 'तारा' बरा वाटू लागला. बाकीची भावंडंही हळूहळू ओळखीची झाली.

"काय जर-तर करून राह्यली वो सकाळपासून?" द्वारकाबाई कापूस उलटता उलटता म्हणायची. "आत्याबाईले मिशा असत्या त काका म्हटलं असतं! हे सांग तुह्या जपानीत."

दीक्षानं खरंच सांगितलं. "ओबासान नि हिगे गा आत्तारा, ओजिसान." म्हातारी एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं ते वाक्य आपल्या परीनं मोडून-तोडून सगळ्यांना ऐकवलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सरांनी सराव घेतला. पाऊस आला तर काय कराल? दीक्षा बिनधास्त म्हणाली, "आमे गा फुत्तारा, सोतो नि देमासु." पाऊस आला तर बाहेर पडते.

"अगं, पुस्तकात काय आहे? पाऊस आला तर घरात थांबते," सर वैतागले. "क्रियापद बरोबर आणि उत्तर उलटं! तेवढं पाठ कर."

तिनं पाठ केलं.

मुलाखतीत वृद्धाश्रमाच्या संचालिका, पिकल्या केसांच्या एक बाई, स्लॅबवरच मांडलेल्या फोनच्या पडद्यावर आल्या. सुरुवातीची ओळखपाळख नीट पार पडली. मग त्यांनी नेमकं तेच विचारलं. दीक्षानं तोंड उघडलं, "आमे गा फुत्तारा, इए नि..." आणि नजर समोर गेली. पांढराशुभ्र कापूस, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर श्वास रोखून बसलेली द्वारकाबाई. घरात थांबते? या पोरीच्या जन्मात कधी पाऊस आला आणि ती घरात थांबली होती?

"माफ करा," ती म्हणाली, "मी बाहेर पडते." मग अडखळत, चुकत, जमेल तसं 'तारा' लावत तिनं सांगितलं. पाऊस आला तर आमच्याकडे सगळे बाहेर धावतात. कापूस भिजला तर वाया जातो. ज्याचा हात मोकळा तो झाकतो, मग कापूस कुणाचा का असेना. पण आधी म्हाताऱ्यांचा. त्यांना धावता येत नाही.

बाईंनी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं. दीक्षाला वाटलं, संपलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "आमचे आजी-आजोबा बागेत बसतात. पाऊस आला, तर तुम्ही धावाल असं दिसतंय."

निवड झाल्याचं कळलं तेव्हा दीक्षा आईकडेही गेली नाही, आधी स्लॅबवर गेली आणि म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. "आजी, तुमी जागा नसती देली त मी कुठची पास होतो?" एवढंच बोलता आलं. पुढचं सगळं रडण्यात गेलं.

"उठ वो माय," द्वारकाबाई तिच्या केसांतली कापसाची कस्पटं वेचत राहिली. मग तिचाही हात थांबला. स्लॅबवर दोघींशिवाय कुणी नव्हतं आणि पश्चिमेला आभाळ भरून आलं होतं.

"आजी, मी तिकडं गेल्यावर पाऊस आला त?"

म्हातारीनं ताडपत्रीचं एक टोक उचलून तिच्या हातात दिलं आणि दुसरं आपण धरलं.

"आला त भिजन. भिजला त वाळवीन. तू जाय."