गॅरेजात न थरथरणारी गाडी

डिसेंबरची सात तारीख, रविवार. दुपारची भांडी आवरली आणि लोणखेड्याच्या आमच्या घराच्या अंगणात मी गाडीचे बॉनेट उघडले. गाडी उभी असताना इंजिन का थरथरते, ते आज शोधायचेच होते.

गाडी अठरा वर्षांची, लहान, पेट्रोलवर चालणारी. रस्त्यावर तिची तक्रार नव्हती. पण सिग्नलला थांबले, किंवा नुसती सुरू करून ठेवली, की इंजिनच्या फेऱ्यांचा काटा हजारावर जायचा, सहाशेवर पडायचा, पुन्हा चढायचा. शहाद्याच्या चौकात दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी मागे उसाचा ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरवाल्याने हॉर्नवरून हात काढला नाही.

तीन वेळा गॅरेजला नेऊन झाली होती. गॅरेज आमच्याच रस्त्यावर, दोन वर्षांपूर्वी उघडलेले. मेकॅनिक तिशीचा, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. घरचे लोक दर साली ऊसतोडीला गुजरातेत जात. हा तिकडेच एका गॅरेजात लागला, काम शिकला आणि परत येऊन स्वतःचे शेड टाकले. दुचाक्या त्याच्याकडे आपोआप येत. चारचाक्या मात्र माझ्या सांगण्यावरून आल्या, आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि गाड्यांच्या बाबतीत माझा शब्द तिथे चालतो.

पहिल्या वेळी त्याने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. दुसऱ्या वेळी इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल उघडून साफ केला. तिसऱ्या वेळी गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी म्हणाला, "मॅडम, स्लो एकदम बरोबर आहे. उभ्या गाडीत काटा हलत नाही." मी समोर उभी राहून पाहिले. खरेच हलत नव्हता. घरी आणून रात्रभर ठेवली, सकाळी सुरू केली, तर पुन्हा तेच.

ते सांगायला मी पायीच गेले, तेव्हा तो म्हणाला होता, "घरी येऊन बघू का? जिथं उभी राहते तिथंच बघायला पाहिजे."

मला ती पळवाट वाटली. "माझ्या अंगणात काय वेगळी हवा आहे?" असे बोलून मी निघून आले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितले की त्याला चारचाकीचे काम येत नाही, ग्राहक समोर असेपर्यंत गाडीचा दोष दाबून धरतो. आठवड्याभरात दोघांनी आपल्या गाड्या दुसरीकडे नेल्या. गणिताचे सर तिसरे असणार होते. सोमवारी ठरवतो म्हणाले होते. मेकॅनिकच्या शेडसमोरून जाताना चारचाकी उभी दिसेना. ते मी पाहिले होते, आणि बरेच झाले असेही मनात म्हटले होते.

तर त्या रविवारी गाडी सुरू केली. काटा नाचू लागला. नवरा ओट्यावर पेपर घेऊन बसला होता. आमच्या घरात अहिराणीच चालते; गाडी आता, म्हणजे 'आते', विकून टाक, हे त्याचे नेहमीचे.

"इकी टाक वं आते. म्हातारी व्हई गयी ती."

"तुमनापेक्षा पंचेचाळीस वरीसनी न्हानी शे," मी म्हटले. तो पुन्हा पेपरात गेला.

हेडलाइट लावून पाहिले, एसी चालू-बंद करून पाहिला. थोडाफार फरक, पण नाच तोच. मग नळ्या तपासायच्या ठरवल्या. इंजिन हवा आत ओढते. एखाद्या रबरी नळीला चीर असली तर हिशेबाबाहेरची हवा आत जाते आणि चाल बिघडते. गुलाबांवर फवारायच्या बाटलीत साबणाचे पाणी घेतले. जिथे चीर असेल तिथे पाणी आत ओढले जाईल आणि आवाज बदलेल.

वाकले, आणि पहिली शिंक आली. दुसरी आली. पुरचुंडी आड येत होती.

या पुरचुंडीबद्दल सांगायला हवे. मळणीनंतर आमच्याकडे उंदीर घराकडे वळतात आणि गाडीच्या वायरी खातात. म्हणून प्रत्येकाच्या बॉनेटखाली काहीतरी टांगलेले असते. कोणी डांबराच्या गोळ्या टांगतो, कोणी तंबाखू. आमच्याकडे कुटलेली लाल मिरची, बियांसकट, फडक्यात बांधलेली. नंदुरबारची मिरची; उंदीर दुसऱ्यांदा येत नाही. दिवाळीआधी मी नवी पुरचुंडी बांधली होती, चांगली पावशेराची. सुतळी इंजिनच्या उष्णतेने जळते, म्हणून विहिरीच्या मोटारीच्या जुन्या वाइंडिंगची तांब्याची तार वापरली आणि समोर जी नळी दिसली तिलाच पिळून बांधली.

आणि गॅरेजला जाताना पुरचुंडी काढून घरी ठेवायची, परत आल्यावर पुन्हा टांगायची, ही इकडे सगळ्यांचीच रीत. मेकॅनिकला शिंकायला लावणे बरे दिसत नाही.

इंजिन बंद करून तार सोडली, पुरचुंडी ओट्यावर ठेवली. पुन्हा सुरू केले आणि बाटली उचलली. काटा आठशेवर उभा होता. पाणी मी अजून मारलेच नव्हते.

मग इंजिन बंद केले, पुरचुंडी पहिल्या जागी बांधली, सुरू केले. काटा नाचला. काढली. थांबला. बांधली. नाचला.

"काय करी ऱ्हायनी तू?" नवऱ्याने विचारले. "मिरची लागनी वाटस गाडीले."

इंजिन थंड होऊ दिले, टॉर्च आणली आणि नळी बोटांनी वाकवून पाहिली. तारेने रबर कापले होते. नखाएवढी चीर, बरोबर गाठीखाली. पुरचुंडी लटकली की तिच्या वजनाने नळी वाकायची आणि चीर उघडायची. काढली की रबर आपोआप मिटायचे. गॅरेजात गाडी दर वेळी पुरचुंडीशिवायच गेली होती.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे, हे मी दर वर्षी नववीला फळ्यावर लिहून देते. तिन्ही वेळा मी स्वतः एक गोष्ट बदलून गाडी त्याच्यापुढे नेली होती आणि खोटा त्याला ठरवले होते.

नवऱ्याला चीर दाखवली. त्याने चष्मा कपाळावर चढवून पाहिली. "आते तू काय सांगशी त्याले?"

"जे शे ते."

नळीवर चिकटपट्टी गुंडाळून काम भागले असते. गुंडाळली नाही. पुरचुंडी होती तशीच परत बांधली.

सोमवारी सकाळी साडेनऊला गाडी तशीच थरथरत गॅरेजला नेली. शेडमध्ये तो एका मोटारसायकलची चेन काढत होता. हात पुसत उठला, पण पुढे आला नाही.

"आज काढली नाही पुरचुंडी," मी म्हटले. "बॉनेट उघड."

त्याने उघडले, ऐकले, वाकला, आणि सलग चार वेळा शिंकला. मग दोन बोटांनी पुरचुंडी वर उचलून धरली. काटा थांबला. सोडली. नाचला.

"तार तुम्ही बांधली?"

"मीच."

तो हसला नाही. "मॅडम, मी म्हटलं होतं घरी येतो म्हणून."

"म्हटलं होतंस. मी ऐकलं नाही. आणि शाळेत तुझ्याबद्दल चुकीचं बोलले."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि नळी शोधायला आत गेला. नवी नळी पाच मिनिटांत बसली. पुरचुंडी त्याने बॅटरीजवळच्या लोखंडी पट्टीला अडकवली.

शाळेत पोचले तेव्हा प्रार्थनेला दहा मिनिटे होती आणि स्टाफरूम भरलेली होती. जुन्या नळीचा तुकडा मी टेबलावर ठेवला, चीर वर करून, आणि उभ्यानेच सगळे सांगितले. तारेचे, पुरचुंडीचे, आधी मी काय बोलले होते तेही. एक बाई म्हणाल्या, "म्हणजे विज्ञानवाल्याच नापास." मी हो म्हटले.

गणिताच्या सरांनी नळी हातात घेऊन चीर उघडून-मिटून पाहिली. "मग माझी गाडी त्याच्याकडेच ठेवू?"

"आजच न्या," मी म्हटले. "आणि जाताना बॉनेटखालचं काही काढू नका."

घंटा झाली. मी नळी परत घेतली आणि नववीच्या वर्गावर गेले.