हवेतला घास

परीक्षण लिहायचं म्हणून आज एका कोरियन सिनेमाची डीव्हीडी लावली. पडद्यावर एक म्हातारा एकटाच भात खात बसला होता. खाली इंग्रजी ओळ उमटली आणि माझं बोट आपसूक पॉजवर गेलं.

बाबा होते तेव्हा प्रत्येक ओळ मी अशी चित्र थांबवून त्यांना मराठीत सांगायची. जपानी, इराणी, कुठकुठली दुःखं आमच्या घरी तुकड्यातुकड्यांनी यायची. पण कुणी जेवत असताना थांबवलं, की बाबा चिडायचे, "अगं, जेवू दे त्याला आधी! मग सांग."

शेजारची खुर्ची रिकामी. म्हाताऱ्याचा घास हवेतच अडकलाय, आणि त्याला जेवू दे म्हणणारं आता घरात कुणी नाही.