मुरूडची ओसीडी ओपीडी

मानसोपचाराच्या डॉक्टरकडे किस्से मागू नयेत. ती तोंड मिटून बसते. न मागता बसलात, तर चहा संपेपर्यंत तीन सांगून होतात!

दर शनिवारी मी अलिबागहून मुरूडला ओपीडीसाठी जाते. नको ते विचार डोक्यात घुमत राहणं आणि ते शांत करायला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं, म्हणजे ओसीडी. तिचे पेशंट भेटत गेले, किस्से साचत गेले. नावं अर्थातच बदललीत.

*

चौलचे आपटे सर, निवृत्त विज्ञान शिक्षक. अलिबागला कुणी ओळखीचं बघेल म्हणून मुरूडला यायचे. म्हणजे, घरातून निघू शकले तर! कुलूप ओढून बघायचे, स्टँडवर पोचायचे, पुन्हा कुलूप बघायला घरी. तोवर एसटी गेलेली!

मी समजावलं, "सर, मेंदूतलं एक सर्किट 'काहीतरी राहिलंय' असा इशारा देतं. काम झालं की ते शांत व्हायला हवं. तुमचं होत नाही."

सर विचारात पडले. "म्हणजे शाळा सुटल्याची बेलच वाजत नाही?"

"अगदी तसंच!"

"अरेरे! मग पोरं घरी जाणार कशी?"

*

सरांना गोळ्या सुरू केल्या. जोडीला सराव: कुलूप एकदाच लावायचं, मागे वळायचं नाही. आठवड्यातच त्यांच्या पत्नीचा फोन. "काही फरक नाही हो!"

"काकू, या गोळ्यांना काही आठवडे लागतात. सोडू नका."

दोनेक महिन्यांनी पुन्हा फोन. "फरक पडला. पण एक तक्रार आहे."

"काय झालं?"

"हे निर्धास्त पुढे निघून जातात. आता मीच मागे फिरते!"

*

काशीमावशी मासळी विकते. घरी आली की हात धूत बसायची, पार सोलवटेपर्यंत. घरचे तिला येडी म्हणायचे.

"मावशी, घरात आणखी कुणाला असं होतं?"

"आयशीला व्हता."

"हे थोडंफार रक्तातून येऊ शकतं. तुमचा यात दोष नाही."

मावशीने आपल्या हातांकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "आयशीनी सोना थोरलीला दिला, नि मना ह्यो!"

हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

*

सलीमभाईंचं मुरूडला छोटं लॉज आहे. बहीण खाडीपलीकडे दिघीला, पण आगरदांड्याहून तिकडे जाणाऱ्या बोटीत बसलं की मनात यायचं, आपण शेजारच्याला पाण्यात ढकलणार! आयुष्यात त्यांनी कुणाला धक्का मारला नाही. तरी भीतीने बोटीने जाणंच सोडलं.

"डॉक्टर, मैं शैतान तो नहीं?"

"नाही, सलीमभाई. हा आजार आहे. विचार म्हणजे इच्छा नव्हे."

औषधाने विचारांचा जोर उतरला. मग सराव. आधी नुसतं जेट्टीवर उभं राहणं, मग धक्क्याला लागलेल्या बोटीत बसणं. शेवटी एका शनिवारी आम्ही दोघं दिघीला निघालो. सलीमभाई मधल्या बाकावर, मुठी आवळून. बोट खाडीच्या मध्यावर आली.

"कठड्यापाशी जाऊ या?" मी विचारलं.

गेले. घामाघूम, पण उभे राहिले.

तेवढ्यात शेजारच्या बाईची पिशवी कलंडली. आंबे बोटीभर घरंगळले. तिने कडेवरचं बाळ सरळ सलीमभाईंच्या हातात दिलं. "भाऊ, जरा धरा हो!" आणि आंब्यांमागे धावली.

मी मुद्दामच हात पुढे केला नाही.

आंबे गोळा करून बाई परतली. "द्या."

सलीमभाई हळूच म्हणाले, "थांबा ना ताई, झोपलंय."