खून कमी काहून झाले

माणसं एकमेकांचा जीव घेईनाशी झाली याचा घोर लागलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझ्या नणंदेचा सासरा आहे. बाकीच्यांना खून झाला की प्रश्न पडतात, यांना झाला नाही की पडतात. मी त्यांना मामाजी म्हणते. ते बाळापूरकडच्या एका खेड्यात राहतात, पोलिसात जमादार होते, आणि डोळे दाखवायला दर महिन्याला अमरावतीला आले की दोन दिवस आमच्याकडे उतरतात. प्रत्येक वेळी एक नवं कारण घेऊन येतात. त्यांना नोकरी लागली तेव्हा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाण्यावरून, पोळ्याला कुणाचा बैल पुढे यावरून कुऱ्हाडी निघत. निवृत्त होता होता ठाण्यात मोबाईल हरवल्याचेच अर्ज जास्त येऊ लागले. सरकार म्हणतं हे आम्ही केलं, कीर्तनातले महाराज म्हणतात आम्ही केलं. मामाजींना दोघांचंही पटत नाही.

या वेडाचं मूळ घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मामाजी पोलिसात जाण्याआधी त्यांचे थोरले भाऊ धुऱ्याच्या भांडणात गेले. शेजारच्या शेतवाल्याने बैलबंडीची उभारी, म्हणजे बाजूचा खुंट, उपसून त्यांच्या डोक्यात घातली. मारणारा शिक्षा भोगून आला, म्हातारा झाला, मरूनही गेला. पण मामाजी म्हणतात, "आता लोकाइले जे थांबवते, ते त्या दिवशी कुठं होतं? तेवढं समजलं म्हंजे मी डोळे मिटाले मोकळा."

म्हणून कारणं शोधणं चालू. एकदा म्हणाले, बंड्या गेल्या म्हणून खून गेले. ट्रॅक्टरची उभारी काही उपसता येत नाही. मग सहा महिने मोबाईल धरून बसले. "पहिले शिवी द्यायची तं दोन कोस चालत जा लागे. गेलोच आहो तं मारूनच येऊ, असं वाटे. आता मानूस घरून फोनवर शिवी देते अन् जेवाले बसते." मग दवाखान्याची गाडी आली. "जखमी पहिले बंडीतच मरे. आता त्याले टाके पडतात अन् तो कोर्टात उभा राहून खोटं बोलते. मारनारे तेवढेच असतीन, मरनारे कमी झाले." मग घरोघरी पोरगा एकच असतो आणि त्याची माय त्याला धुऱ्यावर जाऊ देत नाही, हे सापडलं. एकदा तर पेट्रोलमध्ये पूर्वी शिसं असे आणि ते डोक्यात जाई, असं कुठूनसं वाचून आले. माझे मालक म्हणाले, "मामाजी, तुमच्या गावात तवा पेट्रोलची गाडी होती तरी का?" मामाजींनी पुष्कळ विचार केला. "एक होती, फौजदाराची," ते म्हणाले. "फौजदार लय तापट होता."

कुठे काय विचारावं याचा धरबंध नाही. माझ्या दिरासाठी मुलगी पाहायला आम्ही अकोल्याला गेलो. पोहे आले. मुलीचे वडील हात जोडून समोर बसले, तर यांनी विचारलं, "तुमच्या मूळ गावात शेवटचा मुडदा कोनाचा पडला?" मुलीचे वडील पांढरे पडले. म्हणाले, "आमचं घरानं तसं नाही जी." "तसं काहून नाही, तेच तं इचारून राहिलो," मामाजी म्हणाले. आम्ही माना खाली घातल्या. पण मुलीच्या आजीने आतून येऊन आपल्या माहेरचे दोन खून इतके रंगवून सांगितले की मामाजी उठेचनात. लग्न जुळलं. त्यात माझ्या दिराचा काहीच हात नव्हता.

साऱ्या जगाला विचारलं, मला कधी नाही. मी पुरुषमाणसांसमोर बोलत नाही, स्वयंपाकघराच्या दारातून ऐकते. गेल्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने तसंही दिसत नाही. घरात आम्ही दोघंच. ते म्हणाले, "तू तं सांग पोरी, तुले काय वाटते?" त्यांना मी दिसत नव्हते म्हणूनच बहुतेक मला बोलता आलं.

"मामाजी, आमच्या गावात पहिले भांडण निघालं का मानसं बायाइले घरात कोंडत. बाहेरून कडी घालूनच जात. आता कोनी कोंडत नाही. बाई धावत मधात येते. तिच्या अंगावरून हात टाकाले मानूस जरासा थांबते. तेवढ्यात राग उतरत असन."

मामाजींच्या हातातल्या चहावर साय धरली. मग म्हणाले, "कडी मीच घातली होती. दादा म्हने, घाल. वहिनी आतून दार ठोकत होती, अन् मी घातली."

मला वाटलं, मी तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यांची ही वहिनी त्यांच्याच घरात असते. दादा गेले तेव्हापासून एकाच चुलीचं जेवण. पुढचं मला नणंदेने सांगितलं. पट्टी निघाल्यावर मामाजी घरी गेले ते तडक वहिनीपुढे जाऊन बसले. ती तूर निवडत होती. "मी कडी घातली नसती तं दादा वाचला असता का?" त्यांनी विचारलं. तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "वाचले असते का मीबी मेली असती, ते कोनाले माहीत. तुमी लहान होते, भाऊजी. मी कधी राग धरला नाही. पन साऱ्या मुलखाले इचारत फिरले तुमी, मले आज इचारलं."

आता मामाजी अमरावतीला येतात तेव्हा वहिनीही सोबत असते. दादा कसे मेले हे बोलण्यात निघत नाही. दादा कसे होते, हे निघतं. भाकरीचा पापुद्रा आधी खायचे, पोहताना नाक धरायचे, मोराचा आवाज काढायचे. परवा दोघं चांगली भांडली. मामाजी म्हणत, दादा डावखुरे होते. वहिनी म्हणे, तुम्हाला काय माहीत, मी वाढत होते त्यांना. मी दारात उभी राहून ऐकत होते. मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, तरी वाटलं, आत जाऊन दादांचंही एक ताट वाढावं.