मोहरेचं सुटं

वेल्ह्याच्या एसटी स्टँडाकडून बाजारात शिरलं की पहिल्या वळणावर एक तरट अंथरलेलं दिसतं. तेच साळूबाईचं दुकान. डाव्या हाताला सुकट आणि बोंबलाचे ढीग, उजव्या हाताला तांदळाचं अर्धं पोतं, आणि मध्ये मांडीला टेकून पत्र्याचं मापटं. मापट्याला एका अंगाला पोचा आलेला. तो बापाच्या हातनं आला, घाटात पाय घसरला तेव्हा. तेव्हा मढे घाटानं तांदूळ डोक्यावरून खाली कोकणात जायचा आणि येताना मीठ, सुकट वर यायचं. साळूबाई नऊ वर्षांची असल्यापासून बापाच्या मागं ती वाट चालली. आता सुकट टेम्पोनं येते, साळूबाईला अठ्ठावन्न सरली, पण मापटं तेच.

बाजारात बसायचे तिचे नियम होते, आणि ते तिला कुणी शिकवले नव्हते. पहिला नियम भवानीचा. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, मग तोटा झाला तरी बेहत्तर. एकदा सकाळी सकाळी पुण्याचा एक पोरगा तोरण्याची वाट विचारायला थांबला.

"वाट सांगते, पण आदी भवानी कर," साळूबाई म्हणाली.

पोराला काही उमगलं नाही. त्यानं पाच रुपयांची सुकट घेतली, कागदाची पुडी पाठीवरच्या पिशवीत टाकली आणि गड चढला. संध्याकाळी उतरला तेव्हा त्याचे सोबती त्याच्यापासून दहा पावलं लांबून चालत होते.

दुसरा नियम मापाचा. मापटं शिगोशीग भरायचं, वर ढीग राहिला पाहिजे, आणि मोजताना 'एक' म्हणायचं नाही. लाभ, दोन, तीन, असं मोजायचं. भात निघाल्यावर बाया घरचा तांदूळ घेऊन यायच्या आणि मापट्याला मापटं सुकट न्यायच्या. तांदूळ जड, सुकट हलकी, हिशेब बरोबर बसायचा. पैसा मध्ये यायचाच नाही.

तर या साळूबाईपुढं एका बाजाराच्या दिवशी तिची भाची शेफाली येऊन बसली. शेफाली ही तिच्या भावाची, रामभाऊची मुलगी. वय तेवीस. पुण्यात शिकली आणि आता घरी बसून एक खेळ लिहीत होती. चारपाच जण टेबलाभोवती बसायचं, एकानं सरदार व्हायचं, एकानं मांत्रिक, एकानं चोर. शेफालीनं एका मायावी मुलखाची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापल्या सोंगातून बोलायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. एवढं साळूबाईला ठाऊक होतं. बहुरूप्यांचा धंदा, पण बसून करायचा, असं ती शेजारच्या मिरचीवाल्या बाळाबाईला सांगायची.

"आत्या, माझा बाजार मोडला," शेफाली म्हणाली.

"कोनी मोडला?"

"खेळणाऱ्यांनी. त्यांनी नाग मारला, त्याच्या बिळातून तीनशे सोन्याच्या मोहरा आणल्या आणि अख्खा बाजार विकत घेतला. दुकानदारासकट. प्रेरणाताई म्हणाल्या, राक्षस खरा वाटतो पण बाजार खोटा वाटतो."

प्रेरणा म्हणजे खेळ छापणाऱ्या पुण्याच्या मंडळींतली मुख्य बाई. ती शनिवारी पुन्हा येणार होती. बाजार पटला तर त्या मुलखातल्या सगळ्या पेठा, जकातनाके, घाट लिहायचं वर्षभराचं काम शेफालीला, आणि ते वेल्ह्यात बसून. नाही पटला तर पहिल्या तारखेपासून पुण्यात फोन उचलायची नोकरी. त्या नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं.

"भाव काय लावलेस?" साळूबाईनं विचारलं.

शेफालीनं वही काढली. "भाकरी एक मोहर. तलवार दहा मोहरा."

साळूबाईनं मापटं खाली ठेवलं. "म्हंजी धा भाकरीत तलवार येती?"

"हो."

"मग तुज्या गावात लोक शेती कशापायी करत्यात? तलवारी मोडून भाकरी खा म्हणावं." बाळाबाई पलीकडून हसली. साळूबाई हसली नाही. तिनं विचारलं, "आन सोन्याच्या मोहरेचं सुटं कोन देतं?"

शेफाली वहीत मोहरेच्या खालचं नाणं शोधायला लागली. साळूबाईला सुट्याची अडचण पाठ होती. दोन हजारांची गुलाबी नोट नवी आली तेव्हा सगळ्या बाजारात मिळून एका नोटेचं सुटं निघत नव्हतं. गडावरून उतरलेली माणसं खिशात नोट घेऊन उपाशी फिरत होती. एकानं शेवटी गळ्यातली विजेरी काढून दिली आणि बोंबील-भाकर खाल्ली. ती विजेरी अजून साळूबाईच्या घरात होती.

"शनिवारी दुकानदार कोन हुनार?" तिनं विचारलं.

"मीच. सगळी सोंगं मीच करते."

"न्हाई. म्या बसते."

शनिवारी दुपारी रामभाऊच्या पडवीत टेबल मांडलं. प्रेरणा वही घेऊन कडेला बसली. खेळायला तिच्याबरोबर आलेली दोघं पुणेकर, एक मुलगा नि एक मुलगी, आणि तिसरा भोरचा पप्पू. पप्पू शेफालीचा वर्गमित्र, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि खेळात सरदार व्हायचा.

साळूबाई आली ती तरट, मापटं आणि खरा तांदूळ घेऊन.

"आत्या, नुसतं बोलायचं असतं," शेफाली कुजबुजली.

"माप हातात नसलं तर मला बोलता येत न्हाई," म्हणत तिनं पडवीत तरट अंथरलं.

शेफालीनं गोष्ट सुरू केली. घाटमाथ्यावरचं काळखिंड गाव. पलीकडं तीन दिवसांची ओसाड वाट, त्यापुढं राक्षसाचा किल्ला. वीरांजवळ तीनशे मोहरा आहेत, पण शिधा संपलाय. आज गावचा बाजार.

पप्पू छाती काढून पुढं आला. "बाई, सगळा तांदूळ द्या. ही घ्या मोहर."

"भवानी हाय, न्हाई म्हणनार न्हाई," साळूबाई म्हणाली. "पन एक मापटं. लाभ." तिनं खरोखरच मापटं शिगोशीग भरून पप्पूपुढच्या ताटलीत ओतलं. "मोहर ठेव तुज्याकडं. सुटं दे."

"सुटं नाय. मोहर ठेवा की सगळी, आपल्याला कमी नाय."

"आन उद्या लोक म्हणत्याल, साळूबाईनं परक्याला लुबाडलं. तू राक्षसाकडं जाशील. मला हितंच बसायचंय."

पुणेकरांपैकी मांत्रिक झालेला मुलगा म्हणाला, "मग बाजारातून सुटे आणा."

"बाळा, हितं येवढं सुटं असतं तर आमी सुकट इकत बसलो असतो का?"

प्रेरणाची पेन्सिल थांबली. शेफालीनं घड्याळ पाहिलं. गेल्या खेपेला याच वेळेपर्यंत दोन लढाया झाल्या होत्या, आणि आज एक मापटं तांदूळ झाला होता.

पप्पूला आता चेव आला. त्याच्या आईचं भोरला भाजीचं दुकान होतं, घासाघीस त्याच्या रक्तातच. त्यानं ठरवलं होतं, म्हातारी किती वेळ ताणते बघू. "मोहरेला अर्धं पोतं."

"अर्धं पोतं दिलं तर गावातल्या बायांना काय देऊ? त्या दर बाजारी येत्यात. तू आज दिसलास."

"पाव पोतं द्या. आमी गाव वाचवणार हाय राक्षसापासनं."

"वाचवून ये. मग देते."

पडवीत हशा झाला. पप्पू चहा पीत, पाय लांबवत, भाव एकेक मापट्यानं वर-खाली करत राहिला. दुकान कुठं पळतंय, असा त्याचा समज. सगळ्याच खेळांतली दुकानं दिवसरात्र उघडी असतात. पाचाला दहा कमी असताना रस्त्यावरून एसटीचा हॉर्न आला. साळूबाईनं मापटं पोत्यात टाकलं, तरटाची टोकं धरली आणि गुंडाळायला लागली.

"काय झालं?" पप्पू दचकला.

"बाजार उठला. शेवटची गाडी हाय."

"आत्या, काळखिंडीत एसटी नसते," शेफाली रडकुंडीला आली.

साळूबाई अर्धवट गुंडाळलेलं तरट घेऊन उभी राहिली. चाळीस वर्षांची सवय, हॉर्न ऐकला की हात आपोआप तरटाकडं जायचे. चुकलं होतं खरं. पण तिनं तरट पुन्हा पसरलं नाही. "मग बैलगाडी असंल," ती म्हणाली. "मानसांना घरी तर जायचं असतं का न्हाई? सोताच्या लेकरांना रांधायचं असतं. पुढचा बाजार आठ दिवसांनी."

वीरांजवळ तीनशे मोहरा होत्या आणि एक मापटं तांदूळ. शेफालीनं प्रेरणाकडं पाहिलंच नाही. पुण्याच्या नोकरीचं पत्र तिला डोळ्यांपुढं दिसत होतं.

चोर झालेली मुलगी हळूच म्हणाली, "रात्री पोतं पळवूया?"

"आणि उद्यापासनं या गावात कोण पाणी देईल?" मांत्रिक म्हणाला. तो आता फाशाकडं बघतही नव्हता. "बाई जातात कुठल्या गावाला? त्यांच्याबरोबर जाऊ. गाडीला सोबत म्हणून."

पप्पूनं चहाचा कप खाली ठेवला. मग उठून साळूबाईच्या वाटेत उभा राहिला. "मावशी, माझी ढाल ठेवून घ्या. चांगली पितळी हाय. दोन पायली तांदूळ द्या. परत येताना सोडवून नेतो."

"परत आलाच न्हाईस तर?"

"तर ढाल तुमची."

"ढालीत मला भाकरी थापता येतील," साळूबाई म्हणाली. तिनं मापटं पुन्हा बाहेर काढलं. "चल. लाभ. दोन. तीन." दोन पायल्यांची सोळा मापटी टेबलावरच्या ताटल्यांत मावली नाहीत, म्हणून रामभाऊनं घरातून परात आणली.

राक्षसाची लढाई त्या दिवशी झालीच नाही. साडेसहा वाजता प्रेरणानं वही मिटली.

"शेफाली, आपण किल्ल्यापर्यंत पोचलोच नाही," ती म्हणाली.

"हो, ताई."

"आणि हे तिघं खेळ सोडून उठायला तयार नाहीत. म्हणतायत, परतीच्या वाटेवर घाटाखालून मीठ आणून या बाईंना विकायचं, मग ढाल सुटेल. राक्षसाबद्दल एकानंही विचारलं नाही." तिनं चष्मा पुसला. "बाजार आठ दिवसांनी, सुटं नाही, आणि परक्याला गहाणाशिवाय उधार नाही. हे तिन्ही तसंच लिही. काम तुझंच."

शेफालीनं आत्याचं मनगट धरलं. साळूबाई परातीतला तांदूळ पोत्यात परत भरत होती, कारण तो खरा होता.

"तुला पुण्याला जायचं न्हाई ना आता?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं झालं. हात चालव मग, दाणे सांडल्यात."

दोघींनी पडवीत बसून दाणे वेचले. पप्पू गाडीला किक मारत होता, तेवढ्यात साळूबाईला काही आठवलं आणि ती शेफालीकडं वळली.

"त्याची ढाल माज्याकडं हाय, ते आदी वहीत लिव," ती म्हणाली. "पोरगं बोलायला लई गोड हाय. उद्या म्हनंल, कसली ढाल."