सातव्या महिन्यातली ओळ

आमची वहिनी पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या. सगळे तिला पेंटरबाई म्हणतात. धंदा तिला वडिलांकडून आला आणि वडिलांचा ताठाही: "दोरी ताणून लिहितो तो रंगारी, डोळ्यानं लिहितो तो पेंटर." वडील आता नाहीत, पण त्यांनी जपून ठेवलेली, वाकड्या ओळीची एक पत्र्याची पाटी आहे, 'सायकली भाड्याने मिळतील'. कसं लिहू नये, हे दाखवायला ते ती काढायचे. कुणा शिकाऊ गड्याची, म्हणे. वहिनी आता तिच्यावर रंग कालवते.

मी तिची नणंद. शिडी धरते, डबे सरकवते. मला नसत्या चौकशांची खोड आहे आणि ती घरात कुणालाच आवडत नाही.

पोटुशी असताना, सातव्या महिन्यात, वहिनीनं पोहण्याच्या तलावाची भिंत रंगवायला घेतली. लिहायचं होतं, 'पोहता येत नसेल तर खोल पाण्यात उतरू नका.' छातीच्या उंचीवर, पंचवीस फूट. संध्याकाळी मागे सरकून पाहतो तर ओळ शेवटाला वीतभर वर चढलेली. तलावाचा मॅनेजर म्हणाला, "पेंटरबाई, पाणी चढावर नेलंत की!"

वहिनी हसली नाही. तिनं रॉकेलचा बोळा घेऊन सगळी ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी परत लिहिली, परत चढली. तेव्हा ती बादली उपडी घालून तिच्यावर बसली.

"डोळा गेला गं माझा. आता ब्रश धरत नाही मी. तुझा दादा म्हणतोच, हल्ली सगळे बोर्ड छापून घेतात."

मला वाईट वाटलं, पण राग त्याहून जास्त आला. डोळा म्हणजे काय छत्री आहे, कुठेतरी विसरून यायला? त्याच सकाळी याच बाईनं एका फटक्यात सुईत दोरा ओवला होता.

तिसऱ्या दिवशी मी खडू घेऊन गेले. "पुसायचंच आहे ना? मग माझ्यासाठी एकदा लिही," म्हटलं. ती लिहीत गेली आणि जिथे ती उभी राहील तिथे मी तिच्या पावलांभोवती खडूनं रेघ ओढत गेले.

"माझ्या पायांचा कसला पंचनामा चाललाय?"

"तू भिंतीकडे बघ."

पूर्वी ती अक्षरागणिक एक पाऊल सरकायची, डबे सरकवून माझी पाठ जायची. आता पंचवीस फुटांत पावलं होती फक्त सहा ठिकाणी, तीही चांगली फाकलेली. पोट मध्ये येत असल्यानं ती भिंतीपासून लांब, कंबरेत मागे रेलून उभी राहत होती. जागा न सोडता हात जाईल तितका ताणत होती. खांदा जागच्या जागी, त्यामुळे हात उजवीकडे जाता जाता वर उचलला जायचा, आणि पुढचा शब्द ती तिथूनच सुरू करायची.

"पाऊल का उचलत नाहीस गं?"

तिनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "भीती वाटते. एक पाय उचलला की वाटतं, खालची जमीन कुणीतरी ओढली. कंबर दिवसभर ठणकते. पण सांगायचं कुणाला? आपल्यालाच काय जगावेगळं मूल होतंय?"

मी तिला तशीच दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरला मी इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, "बाळ नक्की कुणाला होणार आहे?" पण सांगितलं सगळं. पोट वाढतं तसा भार पुढे येतो, म्हणून बाई मागे रेलते. सांधे सैल पडतात, तोल लवकर जातो. मग कंबर दुखते, झोप उडते, माणूस आतून घाबरून राहतं. सपाट चप्पल घाला, मध्ये मध्ये बसा, शिडी बंद.

"आणि डोळे?" वहिनीनं विचारलं.

"त्यांना काय धाड भरलीय?"

घरी वहिनीची आई बाळंतपणासाठी आलेली; मी त्यांना काकू म्हणते. काकूंपुढे मी पोट काढून, पाय फाकवून सगळी नक्कल केली. त्या हसल्या नाहीत.

"उजवीकडे चढली? वीतभर?" त्यांनी विचारलं. मग उठून ती पत्र्याची पाटी आणली आणि वहिनीसमोर ठेवली. "ही मी लिहिलीय. तू पोटात होतीस, सातवा सरत आला होता."

"तू? तू कधी लिहायचीस?"

"चार वर्षं लिहिलं. खाली सही यांची. ही चढली तेव्हा हे म्हणाले, तुझा डोळा गेला. मला खरं वाटलं. ठेवला ब्रश."

"बाबा म्हणायचे, शिकाऊ गड्याची."

"त्यांच्या लेखी तेच होते मी," काकू म्हणाल्या.

वहिनी संतापानं लाल झाली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी तलावावर खुशाल दोरी ताणली. एक टोक मी धरलं, एक काकूंनी. मध्ये मध्ये स्टुलावर बसत तिनं 'पाण्यात'पर्यंत आणलं आणि ब्रश आईपुढे केला.

काकूंनी साडीला हात पुसले. "ती दोरी सोडा," म्हणाल्या, आणि अक्षरागणिक एक पाऊल सरकत 'उतरू नका' लिहिलं.

मी टेप काढला. न मोजता मला राहवत नाही. जमिनीपासून ओळीपर्यंत 'पोहता'खाली मोजलं, 'नका'खाली मोजलं.

"किती फरक?" काकूंनी विचारलं.

"काहीच नाही."

"नीट बघ."

मी पुन्हा मोजलं. काहीच नव्हता. काकू उपड्या बादलीवर बसल्या आणि ब्रश हातात तसाच धरून रडायला लागल्या. "एकतीस वर्षं गं," त्या म्हणाल्या.